पंधरा घरांत एक काळा खडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मला उघडं केलं.

हे वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता राहू देतो. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, झालं ते क्रमाने लिहून ठेव. उद्या लोक उलटसुलट बोलायला लागले की तुझं तुलाच आठवणार नाही." मी नववीत शाळा सोडली, पण अक्षर बरं आहे आणि शुद्धलेखन चुकू देत नाही, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. धाकट्या बहिणीकडून कोरी वही मागून घेतली आणि क्रमाने लिहितो आहे.

आम्ही लिफ्ट दुरुस्तीला टॉवरमध्ये गेलो होतो. नेहमीप्रमाणे मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टने. मोठी लिफ्ट दुरुस्त आम्ही करायची, पण तिच्यात उभं राहायचं नाही, असा तिथला नियम आहे. नवव्या मजल्यावर दार अडकत होतं. मिस्त्री वर मशीनच्या खोलीत गेले आणि मी दाराखालची खाच साफ करत बसलो. समोरच्या घराचं दार उघडं होतं. मी आत पाहिलंसुद्धा नाही, कारण असल्या गोष्टींची मला भीती वाटते आणि मी नेहमी पाठ करून बसतो.

थोड्या वेळाने त्या घरातल्या बाई ओरडत बाहेर आल्या. घड्याळ गेलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्यावर बोट रोखलं. "हाच होता इथे!"

दोन पहारेकरी आले आणि मला खाली घेऊन गेले, मोठ्या लिफ्टने. चार वर्षांत पहिल्यांदा.

फाटकाजवळच्या त्यांच्या केबिनला तीन बाजूंनी काच आहे. तिथे टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. आधी माझी पिशवी ओतली: पाने, पक्कड, ग्रीसचा डबा. मग जेवणाचा डबा उघडला आणि माझाच स्क्रूड्रायव्हर आईने दिलेल्या जेवणात फिरवला. मग म्हणाले, शर्ट काढ. मग म्हणाले, पँट. काचेबाहेर सामान पोचवणारी पोरं रांगेत उभी होती. एकाने मान फिरवली. बाकीच्यांनी फिरवली नाही.

तेवढ्यात एक बाई आत आली. जिने पुसणारी. ती परमुलखातली आहे, तिची बोली मोडकी आहे, पण मी ती सुधारून लिहिणार नाही, नाहीतर ते बोलणं माझंच होईल. ती म्हणाली, "हा पोरगा दारात गेलाच नाही. मी जिना पुसत होती. सगळा वेळ तिथेच होती."

सेक्रेटरी म्हणाले, "तुला कोणी विचारलं?"

ती म्हणाली, "विचारला नाही, म्हणून तर सांगते."

तिला बाहेर काढलं. मी तेव्हा चड्डीवर उभा होतो. ती जाताना माझ्याकडे न बघता गेली. एवढं भान त्या सबंध केबिनमध्ये तिला एकटीलाच होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

घड्याळ सापडलं. बाईंच्या व्यायामाच्या पिशवीत होतं, कालच संध्याकाळी. आम्हाला आज दुपारी कळवलं, तेही आमच्या लिफ्टच्या कंपनीला, मला नाही. "गैरसमज झाला होता." बस. ह्या तीन शब्दांत मी कुठेच नाही. जणू गैरसमजच कपडे काढून उभा होता.

मी मिस्त्रींना म्हणालो, "त्यांनी माझी माफी मागायला हवी. त्याच केबिनमध्ये. तेवढ्याच लोकांसमोर."

"हवी," मिस्त्री म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. वर्षाचा करार आहे त्यांचा. कंपनी म्हणते गिळून टाक."

"तुम्ही काय म्हणता?"

ते ग्रीस लागलेला हात फडक्याला पुसत राहिले. बराच वेळ पुसला, नंतर हात स्वच्छ झाला तरी. त्यांची दोन पोरं शिकत आहेत. हे मला माहीत आहे. तरीही आज मला त्यांचा राग आला.

७ फेब्रुवारी, शनिवार

त्या सफाईवाल्या बाईला कामावरून काढलं.

टॉवरच्या मागच्या दाराशी ती बोचकं घेऊन उभी होती. बरोबर म्हातारे वडील. दोघं तळघरातल्या खोलीत राहत होती, कामाबरोबर ती खोलीही गेली. मी विचारलं, "माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला? माझ्या तोंडामुळे," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक लाँड्रीवाला ओळखीचा आहे. त्याच्या मागच्या खोलीत कपड्याच्या ढिगावर झोपतो आम्ही. महिना संपेपर्यंत बोलला तो. पुढे बघायचं. तुमच्याकडे खोली आहे का कुठे?"

आहे. आमच्या इमारतीत चौदा नंबर रिकामी आहे. शिंपीकाका मुलीकडे गेल्यापासून. मी लगेच म्हणालो, "विचारतो."

परत येताना मिस्त्री म्हणाले, "सांभाळून. सेक्रेटरीने कंपनीला विचारलंय, तो पोरगा आणि ती बाई आधीपासून ओळखीचे होते का म्हणून."

"नव्हतो!"

"मी तेच सांगितलं. पण विचारलंय, एवढं लक्षात ठेव."

हे सगळं आईला सांगितलं. ती "बिचारी गं" म्हणाली, आणि मग भांडी घासता घासता थांबून म्हणाली, "कंपनीने तुला बोलावलं नाही ना?" बाबा गेल्यापासून तिला माझ्या नोकरीची फार काळजी. नाही म्हणालो. मग तिने माझ्या ताटात न मागता वाढलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

नानांकडे गेलो. नाना आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सोळा खोल्या, सगळ्यांच्या मिळून मालकीच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी काही ना नाही. डबा फिरवू."

डब्याबद्दल लिहून ठेवतो. आमच्याकडे नवीन बिऱ्हाड घ्यायचं की नाही हे डबा ठरवतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. प्रत्येक घराला दोन खडे मिळतात, एक पांढरा आणि एक काळा. एक डब्यात टाकायचा. उरलेला घरात ठेवायचा आणि दोन दिवसांनी नानांची सून कापडी पिशवी घेऊन येते, तिच्यात मूठ घालून सोडायचा. कोणी कोणाचा खडा बघायचा नाही. सगळे पांढरे पडले तर खोली मिळते. एक जरी काळा पडला तर नाही. नानांच्या वडिलांनी ही पद्धत पाडली, कारण पूर्वी अशाच एका खोलीवरून दोन घरांत डोकी फुटली होती.

मला ही पद्धत नेहमी आवडत आली आहे. सभ्य आहे. कोणाशी वाकडं होत नाही. गेल्या वर्षी एका नर्सबाईंना काळा पडला, त्या एकट्या होत्या. त्यांना कळवायला मीच गेलो होतो. "जमलं नाही" म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मीही मनाला लावून घेतलं नाही.

खाली उतरताना भोंगाकाका भेटले. बस चालवायचे, आता निवृत्त. हॉर्न बिघडला तरी त्यांचं अडत नसे, असं त्यांचीच बायको सांगते. जिन्यातूनच सुरू झाले: "काय रे मास्तर, कोण आणतोयस? परमुलखातली? अरे ती लोकं एक येतात आणि मागून अख्खं गाव येतं! गॅलरीत मोठ्याने बोलतात!"

ह्या माणसाने मोठ्याने बोलण्याबद्दल बोलावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईनेही विचारलं, "म्हणजे ती इथेच राहणार? तुझ्या कंपनीच्या लोकांना कळलं तर?" मी म्हणालो, कळू दे. धाकटी म्हणाली, "वा दादा, आज फार शूर." तिला हसू येतंय. मला येत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज डबा फिरला. मी कामावर होतो. सकाळी निघताना आईला म्हणालो, "पांढरा टाकायचा, विसरू नकोस."

"विसरते होय मी? तू जा. उशीर होतोय तुला."

दिवसभर खड्ड्यात काम होतं. लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो तिथे एकाने उतरायचं असतं आणि दुसऱ्याने वर थांबायचं. मिस्त्रींचा एक नियम फार कडक आहे. वरच्याने विचारायचं, "चालवू?" आणि खालच्याने स्वतःच्या तोंडाने "चालव" म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. उत्तर आलं नाही म्हणजे ते हो असतं असं धरायचं नाही. मी पहिल्या वर्षी तसं धरलं होतं तेव्हा त्यांनी थोबाडीत दिली होती.

उद्या निकाल. मला खात्री वाटते. खात्री वाटते असं लिहिलं की मला भीती वाटायला लागते, पण तरी लिहितो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौदा पांढरे. एक काळा.

नानांनी डबा सगळ्यांसमोर टेबलावर पालथा केला तेव्हा तो काळा खडा गडगडत कडेपर्यंत आला. नाना म्हणाले, "झालं तर मग. चला."

चला! सगळे उठून निघाले. चपला शोधू लागले. कोणीतरी कोणाच्या तरी मुलीच्या निकालाबद्दल बोलू लागलं. आणि महिना संपला की ती आणि तिचा म्हातारा कुठे जाणार, हे विचारायलासुद्धा कोणी थांबलं नाही. माझी कानशिलं तापली. मी ओरडलो. मला ओरडता येतं हे मला माहीत नव्हतं.

"भोंगाकाका! तुमच्याकडे कुठला खडा उरलाय?"

चपला शोधणारे हात थांबले. असं विचारायचं नसतं.

"काय म्हणालास?"

"पांढरा उरलाय ना? दाखवा. आणा घरातून आणि दाखवा सगळ्यांना!"

"मी का दाखवू?"

"कारण तुम्हीच टाकलात काळा! जिन्यात काय बोलत होता ते मी ऐकलंय! खोटं असेल तर दाखवायला काय जातं तुमचं?"

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम उतरला. त्यांची बायको "अहो दाखवा ना" म्हणत होती. तिचा हात त्यांनी झटकला. म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "मी पन्नास वर्षं इथे राहतो. मी कोणाला खडा दाखवणार नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बघा. ज्याच्या मनात काही नाही तो दाखवून मोकळा होतो. खरा माणूस लपवत नाही.

मला बरं वाटतं आहे. दहा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतं आहे. निदान एकाला तरी मी तोंडावर विचारलं. खालच्या मजल्यावरच्यांनी जिन्यात मला थोपटलं, म्हणाले, "बरं केलंस, म्हातारा तसलाच आहे."

आई गॅलरीत आली नव्हती. डोकं दुखत होतं म्हणे. झालेलं सगळं मी तिला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कशाला रे त्या म्हाताऱ्याच्या मागे लागलास? झालं ते झालं."

मी म्हणालो, "झालं ते झालं असं तिथले सेक्रेटरीही म्हणतात."

तिने पदर डोळ्यांवर ओढला. तिचं डोकं खरंच फार दुखत असावं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात धजत नाही.

दुपारी जेवताना मी भोंग्याचा विषय काढला. (काका लिहिलं नाही. मुद्दाम नाही लिहिलं. आता त्याची लाज वाटते आहे, पण खोडत नाही.) मी म्हणत होतो की सोमवारी संस्थेत तक्रार करायची, त्यांना सगळ्यांसमोर जाब विचारायचा, मागच्या त्या नर्सबाईंनाही ह्यांनीच काळा टाकला असणार, ह्यांना कळायला हवं की...

आईने पळी ताटात आपटली.

"मी टाकला!"

मला समजलंच नाही. मी म्हणालो, "काय?"

"काळा. मी टाकला काळा. काय करशील? मला गॅलरीत उभी करशील? माझ्याही मुठी उघडून बघशील? बघ!" आणि तिने कपाटातून तो पांढरा खडा काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी म्हणालो, "पण ती माझ्यासाठी बोलली."

"माहीत आहे मला! तुझ्यासाठी बोलली म्हणूनच. ती इथे राहायला आली की ते लोक म्हणणार, बघा, मिळालेलीच होती दोघं. घड्याळ दोघांनीच घेतलं, भीती वाटली म्हणून परत टाकलं. मग तुझी नोकरी? हिचं कॉलेज? तुझे बाबा असते तर मी टाकला असता पांढरा. दहा टाकले असते." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि खरं सांगू? मला नकोच ती लोकं. कोण कुठली. काय माहीत आपल्याला?"

"सेक्रेटरीला माझं काय माहीत होतं?"

"तू चोर नाहीस हे मला माहीत होतं."

"तिलाही माहीत होतं! तिने बघितलं होतं! आई, तिला एकटीला माहीत होतं!"

धाकटी मध्ये म्हणाली, "दादा, ओरडू नकोस. भोंगाकाकांना ऐकू जाईल." मग तिचं तिलाच कळलं आणि तिने जीभ चावली.

भोंगाकाकांचं दार कालपासून बंद आहे. ते सकाळी दूध आणायलाही बाहेर पडले नाहीत, त्यांची बायको गेली. म्हणजे मी त्यांचं काय केलं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. सगळ्या जगात मला एकट्याला ते पुरतं माहीत आहे. त्यांना फक्त काच नव्हती, एवढाच फरक. आणि मला बरं वाटलं होतं. ते वर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

१५ फेब्रुवारी, रविवार

ज्या आवाजात आळ घेतला त्याच आवाजात माफी मागायची, असं मी ठरवलं. मला टॉवरवाल्यांकडून काय हवं होतं ते मला पाठ आहे. कंपनीमार्फत निरोप नको. कानात "सॉरी" नको. तीच जागा, तेवढीच माणसं.

रविवारी सकाळी पाणी येतं तेव्हा सगळे गॅलरीत असतात. मी भोंगाकाकांच्या दारासमोर उभा राहिलो. ओरडून म्हणालो, "भोंगाकाका, काळा खडा तुमचा नव्हता! मी न बघता तुमच्यावर आळ घेतला! तुम्ही तसे बोलता म्हणून तुम्हीच केलं असणार असं धरलं! माझं चुकलं! मी माफी मागतो!"

सगळे नळ वाहत राहिले. दार उघडलं.

"ओरडतोस कशाला?" काका म्हणाले. "बहिरा आहे का मी?"

"त्या दिवशी ओरडलो होतो म्हणून."

ते दाराला टेकून उभे राहिले. दाढी वाढली होती. "मला वाटलं, चार शेजारी म्हणतील, मास्तर, पुरे झालं. कोणी म्हटलं नाही. तिकीट न काढणाऱ्यालाही मी कंडक्टरला कधी भर बसमध्ये उभं करू दिलं नाही रे. बस थांबवून त्याला बाजूला घेऊन सांगायचो."

"मग जिन्यात तसं का बोललात?"

"कारण मला तसं वाटतं! मला नकोयत ती लोकं, अजूनही नकोयत. पण मी तोंडाने बोलतो. डब्यात नाही बोलत. तुझी गोष्ट ऐकली ना, ती बाई नोकरीवर पाणी सोडून खरं बोलली, मग हात काळ्याकडे जाईचना. पांढरा टाकला आणि वर शिव्या देत बसलो." मग त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग काळा कोणाचा?"

मला माहीत होतं की हा प्रश्न येणार. "आमच्या घरातून पडला," मी म्हणालो.

मागे आमचं दार धाडकन लागलं.

नाना धावत आले. "हे काय चाललंय? खडा उघड करायचा नसतो! डब्याचा नियम आहे!"

"नाना, डबाच नको," मी म्हणालो. "आम्ही खड्ड्यात माणूस उतरवतो तेव्हा वरचा विचारतो आणि खालचा तोंडाने उत्तर देतो. इथे एक जण अंधारात हात घालतो आणि कोणाचं तरी घर जातं. ना त्याला विचारता येत, ना त्याला सांगावं लागत. ज्याला हरकत आहे त्याने उभं राहावं आणि कारण द्यावं. कारण बरोबर असेल तर मीही त्याच्या बाजूने हात वर करीन."

"डोकी फुटतील!"

"गेल्या वर्षी नर्सबाईंची नाही फुटली का?" हे धाकटी म्हणाली, हातात बादली घेऊन. "आणि नाना, हात घराचा एक नको. माणसाचा एक. मला अजून एकदाही खडा मिळालेला नाही. मी काय ह्या घराची पाहुणी आहे?"

"घ्या, हीही बोलायला लागली," भोंगाकाका म्हणाले. पण त्यांच्या बायकोने नळ बंद केला आणि म्हणाली, "मलापण नाही मिळाला. पन्नास वर्षांत."

नानांनी पुढच्या रविवारी सभा लावली, डब्याऐवजी हातांची: माणसागणिक एक हात, जास्त हात ती बाजू. मोठ्या नाखुशीने.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नाना म्हणाले, "चौदा नंबरला ज्यांची हरकत असेल त्यांनी उभं राहावं."

कोणी हललं नाही. मला वाटलं झालं, जिंकलो. मग आई उभी राहिली.

तिचा पदर नीट होता, तरी ती तो नीट करत होती. म्हणाली, "माझी हरकत आहे. काळा मीच टाकला होता. पोराने माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलंय, तर आता लपवून काय. माझ्या पोराची नोकरी जाईल, ही माझी भीती आहे. कोणाकडे उत्तर असेल तर द्या."

मला तिचा राग आलेला होताच. पण त्या क्षणी बाकीच्या सगळ्या खोलीचा जास्त आला. कारण ती उभी राहिल्यावर एकेक जण उठायला लागला. खालचा मजला, ज्यांनी मला थोपटलं होतं तेच. शेवटच्या खोलीतले. नानांची सून. अकरा माणसं! डब्यात काळा एकच पडला होता. म्हणजे काळा दुसरं कोणीतरी टाकेलच म्हणून बाकीचे पांढरा टाकून निर्धास्त झोपले होते. वाईट काम शेजाऱ्यावर सोपवलं होतं. माझ्या आईवर.

मी तसं बोललो. जरा जास्तच बोललो. नाना "भाषा, भाषा" म्हणत होते.

मग भोंगाकाका उठले. आईला म्हणाले, "वहिनी, ह्याला कंपनीने काढलं तर आपण सगळे कंपनीत जाऊ. मी पुढे. माझा आवाज ऐकलाय ना तुम्ही?"

"गेली तीस वर्षं ऐकतेय," आई म्हणाली. काही जण हसले. ती हसली नाही. "जाल? की नुसतं म्हणताय?"

"लिहून देऊ?"

"नको. मोठ्याने सांगा, सगळ्यांनी ऐकलं म्हणजे झालं."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. खिडकीची काच थरथरली.

मग हात मोजले. अकरा विरुद्ध आणि तेवीस बाजूने. आईचा हात विरुद्धच होता. खाली बसताना मला म्हणाली, आठवड्यातलं पहिलं वाक्य, "मी मत बदललेलं नाही."

"बदलू नकोस," मी म्हणालो. "बोलत जा फक्त."

१ मार्च, रविवार

काल कंपनीने मला टॉवरवरून काढून दुसऱ्या इमारतींवर टाकलं. नोकरी आहे. टॉवरने माफी मागितलेली नाही आणि मागणार नाही. मी कंपनीला लेखी मागणी केली आहे, मिस्त्रींनी खाली सही केली. सही करताना त्यांनी हात पुसला नाही, कागदाला ग्रीस लागलं.

आज सफाईच्या ताई राहायला आल्या. सामान थोडं होतं, एक ट्रंक आणि तीन बोचकी. ट्रंक मी उचलली. भोंगाकाका त्यांच्या वडिलांना हाताला धरून जिना चढवत होते आणि चढता चढता सांगत होते की गॅलरीत मोठ्याने बोलायचं नाही. म्हातारबुवांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते हसत होते.

मी ताईंना सगळं सांगितलं. डबा, काळा खडा, सभा, अकरा आणि तेवीस. मला वाटलं, आता त्या आभार मानतील. खरंच वाटलं. मी "छे छे, त्यात काय" हे शब्दसुद्धा तयार ठेवले होते.

त्यांनी ट्रंकेवरची धूळ हाताने झाडली आणि माझ्याकडे बघितलं. "सभा माझ्यावर होती?"

"हो."

"दोनदा ठरवला तुम्ही लोकांनी? आधी डब्यात, मग हाताने?"

"हो."

"मी लाँड्रीत होती. दहा मिनिटावर. मला का नाही बोलावला?"

मला ते सुचलंच नव्हतं. मला काय, चौतिसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"तुझ्या आईला भीती होती ना? तर मी सांगितला असता तिला, मला पण भीती आहे. तुमची. अकरा लोक मला नको म्हणतात, त्यातले कोण कोण ते मला माहीत नाही, आणि उद्यापासून मी त्यांच्या शेजारी कपडे वाळत घालणार." त्यांचा आवाज चढत गेला. "चांगलं काम केला म्हणतोस! माझ्या पाठीमागे!"

लोक दारात येऊ लागले. मी लाल झालो असणार. माझ्या मनात आलं, मी हिच्यासाठी एवढं केलं. आणि मग त्या वाक्याची मला इतकी शिसारी आली की मी खाली बघत राहिलो.

तेव्हा आमच्या दारातून आई बाहेर आली. सरळ चालत चौदा नंबरच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली.

"त्या अकरांत एक मी," ती म्हणाली. "बाकीचे मी दाखवते. पण पाणी आत्ता आलंय आणि अर्ध्या तासात जाईल. आधी भरून घ्या, मग भांडा."

ताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बोचक्यातून बादली काढली.

पाणी भरून झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि दोघी खूप वेळ भांडल्या. मला मध्ये बोलू दिलं नाही.